इंग्रजी तुलनावचनें आणि हस्तलिखितांची साक्ष

इंग्रजी शाळेंत शिकलेल्या बहुतेक मराठी वाचकांस एक नियम पाठ असेल. मोजतां येण्याजोग्या वस्तु उणावल्या तर ‘फ्यूअर’ म्हणावें, आणि न मोजतां येणारा पदार्थ उणावला तर ‘लेस’ म्हणावें. पुस्तकें ‘फ्यूअर’, पाणी ‘लेस’. परीक्षेच्या कागदावर हा भेद चुकला म्हणजे तांबडी रेघ ठरलेली. आमच्याहि वांट्यास ती रेघ आलेली आहे, आणि हा नियम इंग्रजी भाषेइतकाच जुना असला पाहिजे अशी आमची पुष्कळ वर्षें समजूत होती. जुन्या इंग्रजी हस्तलिखितांच्या वर्णनांकडे व त्यांच्या छापील पाठांकडे वळल्यावर ती समजूत टिकली नाहीं. नियम इ. स. १७७० च्या पलीकडे जात नाहीं. त्याच्या उलट जाणारा प्रयोग मात्र नवव्या शतकापर्यंत मागें नेतां येतो.

‘ह्याहून तें थोर’, ‘जितकें अधिक तितकें बरें’, ‘सर्वांत लहान’ अशीं वचनें मनुष्य दिवसांतून शंभर वेळां उच्चारतो आणि त्यांकडे त्याचें लक्ष नसतें. लक्ष नसल्यामुळेंच जुन्या भाषेच्या सवयी त्यांत शिल्लक राहतात. परंतु त्याच कारणानें नकलाकार आणि संपादक तीं वचनें सहज बदलतात, आणि बदल केला आहे हें कोणास कळतहि नाहीं. इंग्रजी भाषेंत हें कसें घडलें तें आमच्या संग्राहकांपुढें मांडावें, कारण प्रश्न भाषेचा असला तरी पुरावा सर्व पोथ्यांचा आहे.

इंग्लंडचा राजा आल्फ्रेड याच्या नांवावर बोएथिअसच्या ‘तत्त्वज्ञानानें केलेलें सांत्वन’ या लॅटिन ग्रंथाचें एक जुनें इंग्रजी भाषांतर आहे. तें खुद्द राजानें केलें कीं नाहीं याविषयीं अलीकडील पंडितांनीं शंका घेतल्या आहेत. पण तो वाद येथें आड येत नाहीं. या भाषांतरांत एके ठिकाणीं भाषांतरकार म्हणतो कीं ही गोष्ट थोड्या शब्दांनीं सांगितली काय किंवा अधिक शब्दांनीं सांगितली काय, आम्हांस दोन्ही सारखेंच. ‘थोड्या शब्दांनीं’ याला त्याचा मूळ शब्द ‘लॅस वोर्दा’ असा आहे. शब्द ही मोजतां येणारी वस्तु. तरी येथें आजचें ‘लेस’च आहे. आजच्या परीक्षकानें आल्फ्रेडच्या कागदावर तांबडी रेघ ओढली असती.

ह्या प्रयोगाची उपपत्ति सोपी आहे. ‘लॅस’ हें त्या काळीं नामासारखें वापरीत, आणि त्याच्या पुढील नाम षष्ठीच्या अनेकवचनांत घालीत. म्हणजे ‘लॅस वोर्दा’ याचा अक्षरशः अर्थ ‘शब्दांतलें उणें’ असा होतो. पुढें दोन-तीनशें वर्षांत इंग्रजीच्या विभक्ति झिजल्या, षष्ठीचा प्रत्यय ओळखूं येईना, आणि ‘लेस’ व ‘शब्द’ हे नुसते एकापुढें एक उभे राहिले. लोक मात्र पूर्वींप्रमाणेंच बोलत राहिले. ज्याला पुढें अशुद्ध ठरविण्यांत आलें तो प्रयोग वस्तुतः जुन्या विभक्तीचा अवशेष आहे.

ज्या पोथ्यांनीं हें भाषांतर आमच्यापर्यंत पोंचविलें त्यांची कथा सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. मुख्य पोथ्या दोन. एक ऑक्सफर्डच्या बॉडली ग्रंथालयांतील बाराव्या शतकाची, सर्व गद्य. दुसरी दहाव्या शतकाची, गद्यपद्यमिश्रित, सर रॉबर्ट कॉटन (मृत्यु १६३१) याच्या संग्रहांतील. कॉटनच्या ग्रंथालयांत प्रत्येक कपाटावर एकेका रोमन बादशहाचा किंवा राजकुलांतील स्त्रीचा अर्धपुतळा असे व पोथीची खूण त्या नांवानें होई. ही पोथी ‘ओथो’च्या कपाटांतली. ता. २३ ऑक्टोबर १७३१ रोजीं वेस्टमिन्स्टर येथील अ‍ॅशबर्नहॅम हाउसला आग लागली आणि कॉटनसंग्रहाचा मोठा भाग होरपळला. ‘बेओवुल्फ’ची एकुलती एक पोथी त्याच आगींत कडांनीं जळाली. ‘ओथो’च्या कपाटाची तर फारच दुर्दशा झाली, आणि बोएथिअसची पोथी काळवंडलेल्या, आकसलेल्या पानांच्या रूपानें उरली. सुदैवानें आगीच्या कित्येक वर्षें आधीं फ्रान्सिस्कस ज्युनिअस (१५९१–१६७७) या पंडितानें तींतील पद्यभाग उतरून घेतला होता. पोथींतील जें पद्य जळालें त्यापैकीं कांहीं आज केवळ ज्युनिअसच्या नकलेवरून वाचतां येतें. ज्युनिअसनें आपल्या काळाच्या इंग्रजीस अनुसरून मजकूर ‘सुधारून’ घेतला असता, तर जळालेल्या पानांवर काय होतें हें सांगणारा कोणी उरला नसता.

वर सांगितलेल्या आल्फ्रेडच्या वाक्यांत ‘अधिक’ याबद्दल जो शब्द आहे तो ‘मा’, म्हणजे पुढील काळांतील ‘मो’. आजच्या इंग्रजींत हा शब्द नाहीं. परंतु कित्येक शतकें इंग्रज लोक संख्येनें अधिक असेल तर ‘मो’ आणि आकारानें किंवा परिमाणानें अधिक असेल तर ‘मोअर’ म्हणत. माणसें ‘मो’, धन ‘मोअर’. इ. स. १४०० च्या सुमाराची एक पोथी याच कॉटनसंग्रहांत ‘नीरो’च्या कपाटांत होती, ती आगींतून वांचली. ‘पर्ल’ नांवाचें अज्ञात कवीचें काव्य केवळ ह्या एका पोथींत आहे, आणि आज इंग्रजांच्या तोंडीं नित्य असणारी ‘जितके अधिक तितकी मौज अधिक’ या अर्थाची म्हण त्या काव्यांत सांपडते. तेथें शब्द ‘मो’ आहे, ‘मोअर’ नव्हे. कारण बोलणें माणसांच्या संख्येविषयीं आहे. इ. स. १६११ च्या बायबलाच्या छापील प्रतींतहि अनेक स्थळीं ‘मो’ आहे. पुढील आवृत्त्यांच्या मुद्रकांनीं व संशोधकांनीं तेथें हळूहळू ‘मोअर’ घातलें, आणि वाचणारास वाटूं लागलें कीं ‘मोअर’ पहिल्यापासूनच तेथें होतें.

ह्याच म्हणींत आणखी एक जुनी वस्तु दडली आहे. ‘दि मोअर, दि मेरिअर’ यांतील ‘दि’ हें आपण शाळेंत शिकलों तें उपपद नव्हे. जुन्या इंग्रजींतील दर्शक सर्वनामाचें तृतीयेचें रूप ‘थ्यू’ झिजून उपपदासारखें दिसूं लागलें आहे. आमच्या ‘जेणें… तेणें’ या जोडींतील तृतीया ज्यांस परिचित आहे त्यांस हें समजावयास अडचण पडूं नये. इंग्रजीची बाकीची तृतीया हजार वर्षांपूर्वींच मावळली, पण रोजच्या बोलण्यांतल्या एका तुलनावचनानें तिचा एक अवयव अजून जपला आहे.

आतां गंमत अशी कीं ‘मो’ आणि ‘मोअर’ हा भेद सतराव्या शतकांत मेला, त्याबद्दल कोणी अश्रु ढाळले नाहींत, आणि त्याच जातीचा भेद ‘फ्यूअर’ व ‘लेस’ यांमध्यें अठराव्या शतकांत नव्यानें बसविण्यांत आला. बसविणारा रॉबर्ट बेकर. त्याचें ‘इंग्रजी भाषेवरील विचार’ या अर्थाच्या नांवाचें पुस्तक १७७० मध्यें निघालें. हा कोणी विद्यापीठांतील पंडित नव्हता. आपणांस ग्रीक येत नाहीं व लॅटिन बेताचेंच येतें असें त्यानेंच सांगितलें आहे. ‘लेस’ हा शब्द बहुधा संख्येविषयीं योजितात, तेथें ‘फ्यूअर’ आपणांस अधिक शोभिवंत व अधिक योग्य दिसतो, एवढेंच त्याचें म्हणणें. ‘बहुधा योजितात’ हें त्याचें वाक्य इतिहासकारानें जपून ठेवण्यासारखें आहे, कारण त्या काळचा लोकांचा प्रयोग काय होता याची ती प्रतिपक्षाकडूनच मिळालेली साक्ष आहे. बेकरची आवड पुढच्या व्याकरणांत नियम झाली, नियमाचा कायदा झाला, आणि कायद्याची शिक्षा आम्हां परभाषिकांपर्यंत पोंचली. इंग्लंडांतील लोक मात्र अजून जुन्या वळणानेंच बोलतात. २००८ मध्यें टेस्को या मोठ्या व्यापारी मंडळीनें आपल्या दुकानांतील ‘दहा वस्तु किंवा लेस’ अशा अर्थाच्या पाट्या काढून ‘दहा वस्तूंपर्यंत’ अशा लावल्या, इतका या शब्दावरून तेथें ओरडा झाला होता. ह्या तडजोडींत दोन्ही शब्द टाळले गेले, हें व्यापाऱ्यास शोभण्यासारखेंच झालें.

तुलनेच्या प्रत्ययांचें मूळ याहूनहि मागें, आणि आपल्या ओळखीच्या प्रदेशांत आहे. इंग्रजी ‘-अर’ व ‘-एस्ट’ हे संस्कृत ‘ईयस्’ व ‘इष्ठ’ यांचे भाऊबंद होत. स्वादु, स्वादीयस्, स्वादिष्ठ आणि स्वीट, स्वीटर, स्वीटेस्ट हीं दोन त्रिकें समोरासमोर ठेविलीं म्हणजे अधिक सांगावें लागत नाहीं. मधला ‘स’ जर्मानिक शाखेंत ‘झ’ व पुढें ‘र’ झाला, एवढेंच फेरफाराचें सूत्र. जेवतांना आपण ‘स्वादिष्ट’ म्हणतों तेव्हां ‘स्वीटेस्ट’ याचेंच भावंड उच्चारीत असतों, मात्र त्यांतील अतिशयाचा अर्थ आपण कधींच विसरलों. संस्कृतांतील दुसरा प्रत्यय ‘तर’ इंग्रजींत तुलनेसाठीं राहिला नाहीं; परंतु ‘कतर’, म्हणजे दोहोंपैकीं कोणता, याचा जोडीदार ‘व्हेदर’ शब्दांत आहे, आणि जुन्या इंग्रजींत त्याचा अर्थहि तोच होता. दोहोंमध्यें तुलना असतां ‘तर’ व ‘ईयस्’, अनेकांत निवड असतां ‘तम’ व ‘इष्ठ’, ही पाणिनीची व्यवस्था आहे. अठराव्या शतकांतील इंग्रजी व्याकरणकारांनींहि हाच निर्बंध घातला. पण इंग्रज मनुष्य आजहि ‘आपला बेस्ट पाय पुढें टाक’ असें म्हणतो, आणि पाय तर दोनच असतात.

प्रत्यय वापरून वापरून गुळगुळीत झाला म्हणजे लोक त्यावर दुसरा चढवितात. हा प्रकार इंग्रजींत इतका झाला आहे कीं त्यांतील कित्येक थर आतां डोळ्यांस दिसत नाहींत. ‘निअर’ हा शब्द मुळांत ‘नाय’, म्हणजे जवळ, याचाच तरभावी, आणि ‘नेक्स्ट’ हा तमभावी. ‘निअर’ याचा अर्थ नुसता ‘जवळ’ असा झाल्यावर ‘निअरर’ आलें, म्हणजे एका शब्दांत दोन तरभाव. ‘लेसर’ हाहि तसाच: ‘लेस’ आधींच तरभावी, त्यावर आणखी ‘-अर’. याला हंसण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. ज्येष्ठ, कनिष्ठ व श्रेष्ठ हे तिन्ही शब्द इष्ठप्रत्ययान्त असून आपण ‘सर्वांत ज्येष्ठ’ म्हणतों, आणि ‘श्रेष्ठतम’ हा दुहेरी तमभाव तर शुक्ल यजुर्वेदाच्या पहिल्याच कंडिकेंत आहे.

शेक्सपिअरच्या काळीं असे दुहेरी प्रयोग कोणास खटकत नसत. उलट त्याचा मित्र बेन जॉन्सन (मृत्यु १६३७) याचें इंग्रजी व्याकरण त्याच्या मरणानंतर १६४० मध्यें छापून निघालें, त्यांत हा इंग्रजांचा ‘अ‍ॅटिक’ डौल होय, ग्रीक लोकहि वचनास जोर आणण्यासाठीं असें बोलत, अशी त्यानें प्रशंसा केली आहे. ज्या वाक्यांत ही प्रशंसा केली त्याच वाक्यांत ग्रीकांस लाविलेलें ‘अतिप्राचीन’ हें विशेषणहि त्यानें ‘मोस्ट’ व ‘-एस्ट’ असे दोन्ही लावून दुहेरी केलें आहे. तो विनोदानें तसें करीत होता कीं सहज, हें ज्यानें त्यानें ठरवावें. आमच्या मतें सहज.

शंभर वर्षांच्या आंत वारें फिरलें. ‘जूलिअस सीझर’ नाटकाचा पहिला मुद्रित पाठ १६२३ च्या मोठ्या पत्रांच्या संग्रहांत आहे, आणि त्यांत ब्रूटसनें केलेली जखम दाखवितांना अँटनी जें विशेषण वापरतो त्यालाहि असेच दोन तमभाव जोडलेले आहेत. कवि पोप यानें १७२५ च्या सुमारास शेक्सपिअरची आवृत्ति काढली. त्याच्या कानास हा दुहेरीपणा ग्राम्य वाटला. त्यानें ‘मोस्ट’ काढून टाकिलें, आणि वृत्तांत जी एक मात्रा कमी पडली ती भरून काढण्यासाठीं वाक्यारंभींचें सर्वनाम दोनदां लिहिलें. वृत्त राहिलें, व्याकरण शुद्ध झालें, आणि इ. स. १६०० च्या लंडनांत लोक रागानें कसे बोलत याचा पुरावा त्या आवृत्तीपुरता नाहींसा झाला. पोपनें आपणांस न आवडलेल्या कित्येक ओळी मूळ संहितेंतून काढून पानाच्या तळाशीं घातल्या आहेत. तें आम्ही समजूं शकतों, कारण निदान त्या वाचकास दिसतात. न सांगतां बदललेला एक शब्द त्याहून अधिक घातक. १६२३ चीं छापील पुस्तकें उरलीं म्हणून पुढच्या संपादकांस मूळ पाठ परत बसवितां आला. हेंच नाटक एका हस्तलिखितांतच राहिलें असतें, आणि पोपच्या नकलेनंतर तें हस्तलिखित हरवलें असतें, तर काय झालें असतें याची कल्पना आमच्या वाचकांस करून देण्याचें कारण नाहीं.

या कामीं व्याकरणकार संपादकांहून सावध होते असें म्हटलें पाहिजे. रॉबर्ट लाउथ, जो पुढें १७७७ मध्यें लंडनचा बिशप झाला, त्यानें आपल्या १७६२ च्या व्याकरणांत दुहेरी तुलना अयोग्य ठरविली. परंतु जुन्या स्तोत्रभाषांतरांतील परमेश्वराचें ‘मोस्ट हायेस्ट’ हें विशेषण त्यानें विषयाच्या थोरवीमुळें ग्राह्य मानिलें. ‘लेसर’ हा शब्द ग्राम्य अपभ्रंश होय हें कोशकार जॉन्सन याचें मत त्यानें उद्धृत केलें, आणि पुढें मोठें मार्मिक विधान केलें: ‘वर्सर’ आपल्या कानास अधिक रानटी लागतें तें केवळ तें कमी वापरलें गेलें म्हणून. ज्यानें नियम घातला त्यालाच नियमाचें मूळ ठाऊक होतें. दोघांपैकीं ‘लेसर’ आज सभ्य आहे आणि ‘वर्सर’ गांवढळ, आणि या दोहोंच्या कुळांत कांहींएक भेद नाहीं.

आतां ‘दॅन’ या शब्दाकडे वळूं. मराठींतील ‘पेक्षां’ अथवा ‘हून’ यांचें काम इंग्रजींत हा शब्द करतो. ‘नंतर’ या अर्थाचा ‘देन’ आणि हा ‘दॅन’ मुळांत एकच शब्द. ‘हा थोर, नंतर तो’ अशा बोलण्यांतून तुलनेचा अर्थ निघाला असावा असा एक तर्क आहे आणि तो आम्हांस पटण्याजोगा वाटतो. लिहिण्यांत दोहोंचा भेद सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पक्का झाला नव्हता. १६२३ च्या शेक्सपिअरमध्यें तुलनेच्या ठिकाणीं सर्रास ‘देन’ छापलेलें आहे. आज शाळकरी मुलानें तसें लिहिलें तर तें अज्ञान. शेक्सपिअरच्या मुद्रकानें लिहिलें तर तो काळाचा शिक्का. नव्या आवृत्त्यांत सर्वत्र ‘दॅन’ केलेलें असतें, त्यानें अर्थास बाध येत नाहीं हें खरें, पण काळनिर्णयाचें एक बारीक साधन जातें.

अशा बारीक साधनांची किंमत काय, हें दाखविणारें प्रकरण संग्राहकांच्या परिचयाचें असेल. लंडनमध्यें सॅम्युअल आयर्लंड नांवाचा जुन्या वस्तूंचा एक हौशी संग्राहक होता. त्याचा मुलगा विल्यम हेन्री याला वाटलें कीं वडिलांस शेक्सपिअरच्या हातचा एखादा कागद मिळाला तर त्यांस आनंद होईल. म्हणून त्यानें तो स्वतःच तयार केला. एकावर न थांबतां पत्रें, करार, शेवटीं एक सबंध नाटकहि निर्माण झालें, आणि तें २ एप्रिल १७९६ रोजीं ड्रूरी लेन नाटकगृहांत रंगभूमीवर येऊन पडलें. त्याच्या दोनच दिवस आधीं एडमंड मलोन यानें आपली परीक्षणात्मक चौकशी प्रसिद्ध केली होती. त्यानें दाखविलें कीं या कागदांतील अक्षरलेखन कोणत्याच काळचें नाहीं. ‘आणि’ व ‘साठीं’ यांसारख्या क्षुल्लक शब्दांना लाविलेलीं जादा अक्षरें एलिझाबेथच्या काळीं कोणी लावीत नसे. बनावट लिहिणारा डोळ्यांत भरणारें जुनेपण आणतो, रोजच्या बारीक शब्दांची रीत त्याच्या ध्यानांत राहत नाहीं. मुलानें कबुली दिली, तरी बाप १८०० मध्यें मरेपर्यंत कागद खरे आहेत असेंच म्हणत राहिला. ज्यानें आयुष्यांत एकदां तरी दुर्मिळ कागदाची वाट पाहिली आहे त्यास या म्हाताऱ्याचें हंसूं येणार नाहीं.

उपमेच्या वचनांविषयीं थोडेंच सांगतों. ‘दाराच्या खिळ्यासारखा मेलेला’ ही इंग्रजांची म्हण चौदाव्या शतकाच्या काव्यांत मिळते, आणि दाराचाच खिळा मेलेला कां याविषयीं सुतारकामाच्या अनेक कथा सांगतात. त्या कथांस तत्कालीन आधार नाहीं. त्या मागाहून जुळविलेल्या आहेत. अशा वचनांतील ‘अ‍ॅझ’ हा शब्द ‘ऑल्सो’ याचेंच झिजलेलें रूप, एवढें मात्र पोथ्यांवरून निश्चित दाखवितां येतें.

मराठींतहि हें साधन पडून आहे. संतांच्या पोथ्यांत व जुन्या पत्रव्यवहारांत तुलनेसाठीं ‘परीस’ वारंवार येतो. ‘अपेक्षा’पासून निघालेला ‘पेक्षां’ आज सर्वत्र पसरला आहे. एकाच बखरीच्या दोन नकलांत एकींत ‘परीस’ आणि दुसरींत त्याच जागीं ‘पेक्षां’ असेल, तर पाठभेद देतांना संपादक तो बहुधा अर्थशून्य म्हणून गाळतो. आमच्या संग्राहकांपाशीं अशा जोडनकला असतील, त्यांतील हे दोन शब्द मोजून, नकलेच्या शकासह, टिपून ठेवावे अशी आमची विनंति आहे. काम कंटाळवाणें आहे, पण एका हिवाळ्यांत होण्यासारखें आहे.